फ्लाइट रद्द झाली तर काय घ्यायचं: पॉइंट्स, व्हाउचर की रोख?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दर महिन्याला दिल्ली-बंगलोर करणारे बरेच जण आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, एअरलाइनने घोळ घातला की काउंटरवरचा माणूस म्हणतो "सर तुमच्या खात्यात पॉइंट्स टाकतो" (म्हणजे एअरलाइनच्या फ्रीक्वेंट फ्लायर योजनेतले, पुढच्या तिकिटाला वापरता येणारे), मग ते घ्यायचे का? माझं स्पष्ट मत, रद्द झाली असेल तर आधी रोख मागा, नुसता उशीर असेल तर पॉइंट्स मागा.

कारण सांगतो. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) नियमात फ्लाइट वेळेत न कळवता रद्द केली तर भरपाई ठरलेली आहे, तासाभराच्या फ्लाइटला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या फ्लाइटला ७,५०० आणि त्याहून लांबच्या म्हणजे मुंबई-दिल्लीसारख्या फ्लाइटला १०,०००, किंवा एका बाजूचं बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते. तिकिटाचे पैसे किंवा दुसरी फ्लाइट हे वेगळं मिळतं. हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) वगैरे कारण असेल तर मात्र ही भरपाई नाही. आणि एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, बुकिंगमध्ये तुमचा स्वतःचा नंबर नसेल, एजंटचाच टाकलेला असेल, तर एअरलाइन भरपाई नाकारू शकते, त्यामुळे तिकीट कुणीही काढलं तरी नंबर आपलाच घाला.

माझी दिल्लीहून परतीची रात्रीची फ्लाइट गेटवरच रद्द झाली होती, मी थकलेलो, समोरच्याने पॉइंट्स देतो म्हटलं आणि एका फॉर्मवर सही घेतली. नंतर कळलं की त्या सहीने रोख भरपाईचा दावा सोडल्यासारखं झालं, आणि ते पॉइंट्स दिवाळीत वापरायला गेलो तर पाहिजे त्या तारखेला सीट नाही, मिळाली तिथेही टॅक्स खिशातूनच भरायचा. अजून राग येतो त्याचा.

व्हाउचर पॉइंट्सपेक्षा बरं कारण त्याची किंमत रुपयात दिसते, पण मुदत असते आणि परत त्याच एअरलाइनकडे जावं लागतं. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या फ्लाइट्स धडाधड रद्द झाल्या तेव्हा ३ ते ५ डिसेंबरला जास्त त्रास झालेल्यांना १०,००० चं, १२ महिने चालणारं व्हाउचर जाहीर झालं, पण ते नियमातल्या भरपाईच्या वर होतं. असंच असायला पाहिजे, आधी हक्काचं आणि मग वरचं. रिफंडचंही तेच, पैसे क्रेडिट शेलमध्ये (एअरलाइनकडेच पुढच्या तिकिटासाठी जमा) ठेवायचे की बँकेत हवे हे ठरवायचा अधिकार तुमचा आहे, त्यांचा नाही.

उशिराचं गणित उलटं आहे. आपल्याकडे उशिराला रोख भरपाईच नाही, छोट्या फ्लाइटला दोन तासांनंतर खाणं-पिणं, सहा तासांच्या वर गेलं तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड, फारच लांबलं तर हॉटेल, एवढंच. म्हणून तिथे एअरलाइनच्या योजनेतल्या गोल्ड-प्लॅटिनम कार्डवाल्यांनी कस्टमर केअरला मेल टाकून पॉइंट्स मागावेत, नियम नसल्यामुळे जे मिळेल ते तुमच्या स्टेटसवर आणि मेल किती नेमका आहे त्यावर ठरतं. हे पॉइंट्स टियरमध्ये (गोल्ड-प्लॅटिनम दर्जा ठरवताना) धरणार का आणि कधी संपणार, दोन्ही लेखी विचारा.

युरोपातून येत असाल तर पॉइंट्सचं नावच काढू नका. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना एअरलाइनच्या चुकीने तीन तासांच्या वर उशीर झाला तर ६०० युरोपर्यंत रोख मिळते, एअरलाइन भारतीय असली तरी, आणि तुमच्या सहीशिवाय त्याऐवजी व्हाउचर देता येत नाही. जाताना मात्र हा नियम फक्त युरोपियन एअरलाइनला लागतो.

ठाणेकरांनी अजून एक बघा, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, तेव्हा दुसरी फ्लाइट देताना ती सहारहून (मुंबईचं जुनं विमानतळ) आहे की उलव्याहून हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका, रात्री ठाण्याहून उलव्याला जायचं म्हणजे कॅबचा खर्च आणि वेळ दोन्ही आले.

एअरलाइनने दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, आणि तेही नाही झालं तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग आहेच, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच केस टाकता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फक्त बोर्डिंग पास, रद्द झाल्याचा एसएमएस आणि काउंटरवर सही केलेल्या कागदाचा फोटो जपून ठेवा.