एचएमआयवर आधी काय: व्हाइटलिस्टिंग की परवानग्यांची छाटणी?

कारखान्याचा शटडाऊन दहा दिवसांचा, त्यातला कंट्रोल सिस्टिमच्या वाट्याला दीड दिवस, आणि ऑडिटचा शेरा डोक्यावर: 'ऑपरेटर स्टेशनवर प्रिव्हिलेज एस्कलेशनला वाव आहे.' ऑपरेटर स्टेशन म्हणजे एचएमआयचा, ऑपरेटर ज्यावरून प्लांट बघतो आणि चालवतो तो कॉम्प्युटर; प्रिव्हिलेज एस्कलेशन म्हणजे साध्या लॉगिनमधून वरचे हक्क मिळवणं. अशा वेळी दोन पर्याय समोर येतात. एक, व्हाइटलिस्टिंगचं सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे यादीबाहेरचा प्रोग्राम चालणारच नाही. दोन, ऑपरेटरचं अ‍ॅडमिन काढा आणि फोल्डर, सर्व्हिस, रजिस्ट्रीच्या परवानग्या छाटा. दोन्ही करावं हे मलाही कळतं, पण दीड दिवसात दोन्ही बसत नाही. मी हे दोन वेगळ्या शटडाऊनला करून पाहिलंय. पॅचिंग मी तुलनेत धरलेलं नाही. कुठल्याही वाटेनं गेलात तरी ते सुटत नाही.

आपल्या क्षेत्रातल्या हक्क वाढवू देणाऱ्या भोकांपैकी बरीचशी फार हुशारीची नसतात. जुनी स्काडा (प्लांटवर देखरेख आणि नियंत्रणाची) पॅकेजं 'प्रोग्राम फाइल्स' सोडून थेट सी ड्राइव्हवर स्वतःचा फोल्डर काढतात. तिथे काढलेल्या नव्या फोल्डरात विंडोज आपणहून लॉगिन केलेल्या प्रत्येकाला फाइली बदलायची मुभा देते. कधी इन्स्टॉलर स्वतःच 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन मोकळा होतो, कारण कधीकाळी कुणीतरी सपोर्टला फोन करून 'एरर येतोय' म्हणालेलं असतं. त्याच फोल्डरातून एक सर्व्हिस 'लोकल सिस्टिम' (विंडोजमधलं जवळपास सगळे हक्क असलेलं खातं) म्हणून चालते. मग साध्या ऑपरेटरच्या लॉगिनमधून ती एक्सई (प्रोग्रामची फाइल) किंवा शेजारची डीएलएल (प्रोग्राम वापरतो ती कोडची फाइल) बदलली की पुढच्या रीस्टार्टला मशीन तुमचं. सुरक्षेच्या सूचनापत्रांत सीव्हीएसएसचा (भोकाची तीव्रता दहापैकी सांगणाऱ्या मोजपट्टीचा) ७.८ हा आकडा इतका वारंवार दिसतो, तो बऱ्याचदा याच साच्याचा: हल्ला लोकल, हक्क थोडे, परिणाम पूर्ण.

व्हाइटलिस्टिंगबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच चांगलं आहे. कंत्राटदाराच्या पेन ड्राइव्हवरून जे काही येतं ते पहिल्याच दिवशी बंद झालं. रात्रपाळीचे गेमही बंद झाले, त्यामुळे आठवडाभर माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. अँटिव्हायरससारखी रोजची अपडेट लागत नाही, आणि इंटरनेट नसलेल्या कंट्रोल रूममध्ये ही सोय लहान नाही.

पण यादी बनवायची कशी, यावर सगळं अवलंबून. प्रत्येक फाइलचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) घेतला तर पक्कं काम होतं, पण व्हेंडरचा छोटासा हॉटफिक्स आला तरी यादी पुन्हा. म्हणून लोक पाथवर, म्हणजे फाइलच्या जागेवर जातात: 'या फोल्डरातलं सगळं चालू दे.' फोल्डर ऑपरेटरला लिहिता येत असेल तर हे दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखं आहे. विंडोजमधल्याच व्हाइटलिस्टिंगला, डब्ल्यूडीएसीला, हे माहीत आहे. पाथचा नियम दिला तर ते फोल्डर सामान्य युजरला लिहिता येतो का ते तपासतं, आणि येत असेल तर नियम मानत नाही. अ‍ॅपलॉकर, विंडोजचंच जुनं साधन, असं काही तपासत नाही, शिवाय त्यातले डीएलएलचे नियम मुळात बंद असतात, ते आठवणीनं चालू करावे लागतात. तिसरा मार्ग सही करणाऱ्या कंपनीवर विश्वास ठेवण्याचा. त्यात २०१० चं, कंट्रोल सिस्टिमवर नेम धरणारं स्टक्सनेट हे मालवेअर आठवतं. त्याचे ड्रायव्हर रिअलटेक आणि जेमायक्रॉनच्या चोरलेल्या सर्टिफिकेटांनी सही केलेले होते. 'रिअलटेकचं आहे ना, मग येऊ दे' असा नियम असता तर ते सरळ आत आलं असतं.

तरीही हे सगळं मी सांभाळून घेतलं असतं. माझा निर्णय फिरला तो 'मेंटेनन्स मोड'मुळे.

झालं असं की पहाटे अडीचला मोटर चालवणाऱ्या एका ड्राइव्हचा पॅरामीटर उडाला. सर्व्हिस इंजिनिअर लॅपटॉपशिवाय आलेला, त्याचं सॉफ्टवेअर आमच्या इंजिनिअरिंग स्टेशनवर टाकायचं होतं. ते अर्थातच यादीत नाही. मी कर्जतला मेव्हण्याच्या लग्नात. शिफ्ट इन्चार्जचा फोन, मागे ब्लोअर बंद पडल्याची शांतता, आणि "साहेब, हे काहीतरी ब्लॉक्ड म्हणतंय." मी फोनवर पासवर्ड सांगितला, मेंटेनन्स मोडला टाका म्हणालो, ड्राइव्ह चालू झाला, मीही झोपलो. मेंटेनन्स मोड म्हणजे काय, तर यादीबाहेरचं अडवायचं नाही, फक्त लॉगमध्ये लिहायचं. तो परत कुणी काढला नाही. मी नाही, शिफ्टनं नाही, दुसऱ्या दिवशी गेलेल्या सर्व्हिसवाल्यानं तर नाहीच. पाच महिन्यांनी भलतंच काही शोधताना दिसलं की त्या रात्रीनंतर 'ब्लॉक' अशी एकही नोंद नाही. आणि या सगळ्या काळात कन्सोलवर हिरवी खूण होती! एजंट चालू आहे, एवढाच तिचा अर्थ.

एखाद्या शिस्तीच्या कारखान्यात असं होणार नाही, हे मान्य. तुमच्याकडे चोवीस तास कुणीतरी जबाबदार माणूस असेल, मोड ठरावीक वेळेनं आपोआप परत फिरणारं उत्पादन असेल, तर माझी तक्रार सोडून द्या. आमच्याकडे कंट्रोल सिस्टिमला माणसं अडीच, त्यातला अर्धा मी.

परवानग्यांची छाटणी याच्या उलट. ती बसवताना छळते, नंतर विसरायला होते. पहिला छळ म्हणजे जुनी ३२ बिटी सॉफ्टवेअरं स्वतःच्याच फोल्डरात आयएनआय (सेटिंगच्या फाइली) आणि लॉग लिहितात. अ‍ॅडमिन काढल्यावर ती 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये असतील तर विंडोज गुपचूप ते लिखाण त्या त्या युजरच्या 'व्हर्च्युअल स्टोअर'मध्ये वळवते. एररही येत नाही. आमच्याकडे पहिल्या पाळीनं ट्रेंडच्या पेनांची (आलेखावरच्या रेषांची) मांडणी बदलली, ती दुसऱ्या पाळीला दिसेना. दोन पाळ्यांची भांडणं झाली, मग मला उमगलं की प्रत्येक लॉगिनला स्वतःची वेगळी आयएनआय मिळालीय. उपाय सोपा: लिहायला लागतो तेवढाच उपफोल्डर मोकळा ठेवायचा, एक्सई आणि डीएलएलवर फक्त वाचणं-चालवणं. पण तो उपफोल्डर कोणता, हे मॅन्युअलमध्ये सापडत नाही. कुठला प्रोग्राम कुठे लिहितो ते दाखवणारा प्रोसेस मॉनिटर लावून बसावं लागतं.

दुसरा छळ ओपीसी क्लासिकचा, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कंट्रोल सॉफ्टवेअरांमध्ये डेटा देण्याघेण्याच्या जुन्या पद्धतीचा. त्यातलं डीकॉम (नेटवर्कवरून दोन प्रोग्रामना बोलू देणारी विंडोजची सोय) वर्षानुवर्षं 'ऑथेंटिकेशन नाही, सगळ्यांना प्रवेश' असं चालत आलेलं. सर्व्हिसचं खातं बदललं की टॅग (स्क्रीनवरची रीडिंग) लाल होतात. मात्र मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०२३ पासून डीकॉमची कडक पडताळणी सक्तीची केली, तेव्हा हे दुखणं पॅच घेणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी निस्तरावं लागलंच. छाटणीच्या खात्यावर ते पूर्ण टाकणं बरोबर नाही.

मर्यादाही सांगतो. भोक खुद्द विंडोजमध्येच असेल तर फोल्डरच्या परवानग्या काही करू शकत नाहीत. स्टक्सनेटकडच्या चार झिरो-डेपैकी (पॅच निघायच्या आधीच वापरलेल्या भोकांपैकी) दोन नुसती हक्क वाढवायला होती: एक एक्सपी आणि २००० साठी, कीबोर्ड लेआउटमधलं, दुसरं व्हिस्टा आणि पुढच्यांसाठी, टास्क शेड्युलरमधलं. सिस्टिमचे हक्क हाती आले की सीमेन्सचं स्टेप-७ हे सॉफ्टवेअर पीएलसीशी (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरशी) बोलायला वापरतं ती डीएलएल बदलायला कोण अडवणार? म्हणून पॅच येणंच बंद झालेलं मशीन, म्हणजे कोपऱ्यातला तो एक्सपी किंवा विंडोज ७, तिथे मी आजही व्हाइटलिस्टिंगच लावीन, तेही हॅशवर. त्या मशीनवर नवं काही येत नाही, त्यामुळे यादीही बदलत नाही.

बाकी चालत्या ऑपरेटर स्टेशनांसाठी, दीड दिवस असेल तर माझा कल छाटणीकडे. व्हाइटलिस्टिंग पुढे घ्यायचं ठरलं तरी त्याला आधी हीच छाटलेली जमीन लागते, नाहीतर पाथचे नियम पोकळ. आणि पहाटे अडीचला कुणी फोनवर सांगून ती 'तात्पुरती' बंद करू शकत नाही. सर्व्हिसवाल्याला अ‍ॅडमिन लागलंच तर तो वेगळ्या लॉगिननं येतो, काम करतो, लॉगआउट होतो. ऑपरेटरचं खातं होतं तिथेच राहतं.

एका बाबतीत फसू नका. स्काडाचं व्हर्जन बदललं की इन्स्टॉलर परवानग्या पुन्हा स्वतःच्या मर्जीनं मांडतो. म्हणून आयकॅक्ल्सच्या, म्हणजे परवानग्या मांडणाऱ्या, आदेशांची एक बॅच फाइल डेस्कवर ठेवलीय, आणि दर सोमवारी अ‍ॅक्सेसचेक चालवून 'एव्हरीवन' व 'ऑथेंटिकेटेड युजर्स' यांना कुठे लिहिता येतं ते बघतो. मागच्या अपग्रेडनंतर चौदापैकी नऊ फोल्डर पुन्हा सताड उघडे निघाले. बॅच फाइल चालवली, एचएमआय एकदा बंद करून चालू केलं, ट्रेंड तपासले. चहा गार व्हायच्या आत झालं.