बालवाडी शिक्षकांसाठीचा आत्मनियमनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम: खेळ उत्तम, संस्कृतीचा धडा तोकडा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांमधील आत्मनियमन, म्हणजे स्वतःचे लक्ष आणि आवेग आवरण्याची क्षमता, या विषयावरचा हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. ‘डोक्याला हात लावा’ म्हटल्यावर मुलाने पायाची बोटे धरायची, या खेळाची चित्रफीत त्यातला सर्वांत सरस भाग आहे. एका मुलीचा हात कानापर्यंत जातो, तिथेच थबकतो आणि मग ती हसत खाली वाकते. अवधान, स्मरण आणि आवेगावरचा ताबा या तिन्ही गोष्टी त्या दोन सेकंदांत दिसतात, आणि अक्षर-अंकांकडे वळताना मुलाला नेमक्या याच लागतात.

संस्कृतीचा धडा मात्र उरकलेला वाटला. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या मार्शमेलो प्रयोगावर (समोरचा खाऊ लगेच न खाता मूल थांबले, तर त्याला आणखी एक मिळतो) अर्धा तास घालवणाऱ्या व्याख्यात्यांनी, कॅमेरूनमधील न्सो समाजाची चार वर्षांची मुले तशाच चाचणीत जर्मन मध्यमवर्गीय मुलांपेक्षा अधिक संयमाने थांबली, हे एका वाक्यात आटोपले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानी मुले खाण्याच्या पदार्थासाठी, तर अमेरिकी मुले भेटवस्तूसाठी अधिक वेळ थांबली होती. थांबण्यामागे घरातली सवयही असते, हे त्यातून किती सहज समजावता आले असते, पण त्याचा उल्लेखच नाही. शेवटच्या निरीक्षण-तक्त्यात तर निमूट बसणाऱ्या मुलालाच पूर्ण गुण आहेत. (चित्रफितीतली ती हसरी मुलगी यात नापासच झाली असती.) याविषयी मी विचारलेल्या शंकेला अकरा दिवसांनी साचेबद्ध उत्तर आले.