एनक्लेक्ससाठी सात महिने प्रश्नसंच वापरला, त्याचा अनुभव

मी पुण्यात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. बीएस्सी नर्सिंग झाल्यापासून आठ वर्षं नोकरी चालू आहे. अमेरिकेत आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, होण्यासाठी लागणारी एनक्लेक्स-आरएन परीक्षा पहिल्या प्रयत्नात पास झाले. क्लास लावला नव्हता. एका ऑनलाइन प्रश्नसंचाची वर्गणी भरली आणि सात महिने तोच वापरला. संचाचं नाव देत नाही, कारण हे दुसऱ्या संचांनाही लागू पडेल.

पहिले दोन महिने वाया गेले, हे आधी सांगते. रोज ७५ प्रश्न सोडवायचे असं ठरवलं होतं. नाईट करून आले की अंघोळ, चहा आणि प्रश्न. टक्के बघायचे आणि झोपायचं. टक्के पन्नाशीच्या आसपासच अडकले होते. उत्तराखालचं स्पष्टीकरण वाचायला अंगात त्राण नसायचं, आणि पैसे तर त्या स्पष्टीकरणाचेच भरले होते. मग प्रश्न २५ वर आणले. चारही पर्यायांचं स्पष्टीकरण वाचायचं, बरोबर आलेल्या प्रश्नाचंसुद्धा. चुकलेलं वहीत एका ओळीत लिहायचं: काय चुकलं आणि मला तसं का वाटलं.

महिन्याभराने वही चाळली तर निम्म्या चुका एकाच जातीच्या निघाल्या. पर्यायात ‘डॉक्टरांना कळवा’ दिसलं की मी तेच निवडत होते. रक्त चढवताना पेशंटला हुडहुडी भरली, कंबर दुखायला लागली, तर आधी काय? रक्त थांबवायचं. गरोदरपणातले झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेट चालू असलेल्या बाईचा गुडघ्याचा रिफ्लेक्स गेला तर? ड्रिप थांबवायची आणि त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, जवळ आणायचं. वॉर्डात मी हेच करते. रात्री तीन वाजता डॉक्टर येईपर्यंत आपण सगळ्या जणी हेच करतो. पण तो निर्णय आपला होता असं आपल्याला कुणी कधी म्हटलेलं नसतं, म्हणून कागदावर तो आपला वाटत नाही. एनक्लेक्स नेमका तोच निर्णय विचारते. हे समजल्यावर माझे टक्के हलायला लागले.

दुसरा अडथळा नातेवाइकांचा. ‘आईला कॅन्सरचं सांगू नका, सिस्टर,’ हे आपण दर महिन्याला ऐकतो आणि बहुतेक वेळा मान्यही करतो. परीक्षेत माहितीवर पहिला हक्क पेशंटचा. पेशंट परवानगी देईल त्यालाच सांगायचं. असे प्रश्न सोडवताना मला आमच्या वॉर्डातल्या दोन आजी आठवायच्या, ज्यांना शेवटपर्यंत कुणी काही सांगितलं नाही. अजूनही आठवतात.

कामवाटपाचे प्रश्न मात्र निव्वळ पाठांतराचे निघाले. तिकडे आरएनच्या हाताखाली एलपीएन, म्हणजे कमी अधिकार असलेली परवानाधारक नर्स, असते, तिच्या खाली मदतनीस. आपल्याकडे ही उतरंड नाही. पहिलं असेसमेंट, पेशंटला शिकवणं आणि परिणाम तपासणं आरएनने स्वतःकडे ठेवायचं, एवढं पक्कं केलं. औषधांची नावंही बदलतात: पॅरासिटामॉल म्हणजे अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन. वजन पौंडात आलं की किलो काढायला २.२ ने भागायचं.

संचातला सगळ्यात चांगला भाग केस स्टडीचा. एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं स्वरूप बदललंय. प्रत्येकाला गुण धरले जाणाऱ्या किमान तीन केस येतात. एकच पेशंट, सहा प्रश्न, आणि मधे मधे नर्सिंग नोट्स बदलत जातात. ‘लागू असतील ते सगळे निवडा’ प्रकारात आता अर्धवट गुण मिळतात, पण चुकीच्या खुणेचा गुण कापलाही जातो. तेव्हा सरसकट खुणा करू नका.

उणिवा दोन. मोबाइलवर केस स्टडीचे तक्ते कडेला कापले जायचे, म्हणून नवी पेठेतल्या अभ्यासिकेत लॅपटॉप घेऊन बसायचे. एमपीएससीच्या मुलांमध्ये मी एकटीच सिस्टर! दुसरं, वर्गणी थांबवून ठेवता येत नव्हती. घरी आजारपण आलं, तीन आठवडे तसेच गेले.

परीक्षा मुंबईला दिली. आदल्या दिवशीच गेले, हे फार बरं केलं. तळहाताचं स्कॅनिंग, सामान लॉकरमध्ये. वेळ पाच तास, आणि मधल्या सुट्टीतही घड्याळ चालूच राहतं. प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न ठरवतो. ८५ नंतरही पेपर चालूच राहिला तेव्हा माझे हात गार पडले. वॉशरूमला जाऊन तोंडावर पाणी मारून आले. ११२ व्या प्रश्नानंतर पेपर संपला. पेपर लांबला म्हणजे नापास, असं अजिबात नाही. तुम्ही पासच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची संगणकाला ९५ टक्के खात्री झालेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

खर्च धरताना परीक्षेचे २०० डॉलर आणि अमेरिकेबाहेर देण्याचे १५० डॉलर वेगळे धरा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, म्हणजे राज्यात नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडे, आपल्या नोंदणीच्या पडताळणीचं काम आधी सुरू करा, वर्गणी नंतर घ्या. मी उलटं केलं आणि कागदपत्रांची वाट बघण्यात वर्गणीचे दिवस गेले. परीक्षेची परवानगी हातात आली की साधारण ९० दिवस मिळतात. नाईट असणारीने त्याआधी निदान तीन महिने रोजचे २५ प्रश्न सुरू केलेले असावेत, वहीसकट.