इन्स्टाग्रामचं बिझनेस अकाउंट बंद करताना माझी झालेली फसवणूक

इन्स्टाग्रामवरचं बिझनेस अकाउंट कायमचं काढून टाकायला एक रुपयाही लागत नाही. कुणाला फोन करावा लागत नाही, कुणाला कार्डाचा नंबर द्यावा लागत नाही. हे मला गेल्या ऑगस्टमध्ये माहीत नव्हतं. त्यापायी माझे ४४,९९७ रुपये गेले आणि आमच्या नावावर विश्वास ठेवणाऱ्या तीन बायकांचे ५,४०० रुपये गेले. मला जास्त लागले ते हे ५,४०० रुपये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही मिरजेचे. आई आणि मावशी वाकळा शिवायच्या. तुम्ही गोधडी म्हणत असाल. २०२०च्या टाळेबंदीत भाच्याने इन्स्टाग्रामवर अकाउंट उघडून दिलं आणि घरातलं काम गावाबाहेर पोचलं. आमच्याकडे विकत घ्यायला येणाऱ्यांपेक्षा शिवून मागणारेच जास्त. लोक गेलेल्या आईच्या, आजीच्या साड्या कुरिअरने पाठवायचे आणि त्यांचीच गोधडी करून मागायचे. पार्सल फोडलं की डांबरगोळ्यांचा वास यायचा. एका पार्सलमधल्या लुगड्याच्या पदराला गाठ होती आणि गाठीत दोन रुपयांचं नाणं. आईने ते कागदात गुंडाळलं, वर पाठवणाऱ्या बाईंचं नाव लिहिलं आणि तयार गोधडीबरोबर परत पाठवलं. न पाहिलेल्या माणसाच्या घरी आईची शेवटची साडी पाठवणं हा केवढा विश्वास असतो, हे मी त्या पाच वर्षांत पाहिलं. चोराने नेमका तोच विश्वास वापरला.

मागच्या वर्षी आईच्या बोटांचा संधिवात वाढला. सुई धरवेना. मावशी एकटीने किती करणार? हातातली कामं पुरी करून थांबायचं ठरलं. पण अकाउंट दिसत होतं तोवर मेसेज येत राहिले. दोघींनी तर न विचारता अ‍ॅडव्हान्सही पाठवला, तो मी परत केला. तेव्हा ठरवलं की हे कायमचं बंद करायचं.

सेटिंग्जमध्ये शोधलं. बिझनेसचं पर्सनल करायची सोय सापडली, पण काढून टाकायची सोय मला दिसली नाही. मग जे आपण सगळेच करतो ते केलं, गुगलवर लिहिलं: बिझनेस अकाउंट कायमचं डिलीट, हेल्पलाइन नंबर. एका प्रश्नोत्तराच्या पानावर कुणीतरी हाच प्रश्न विचारलेला होता. खाली तीन-चार जणांनी ‘या नंबरवर लगेच काम झालं’ म्हणून एकच नंबर दिला होता. ते तीन-चार जण म्हणजे एकच माणूस असू शकतो, हे तेव्हा सुचलं नाही.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास फोन लावला. समोरचा स्वच्छ मराठी बोलत होता. “बोला ताई, काय अडचण आहे?” अशी सुरुवात. अशा फोनवर माणूस तोडकंमोडकं हिंदी बोलतो अशी माझी समजूत होती, आणि इथे तर आपल्याच भागातला वाटावा असा माणूस. मी तिथेच सैल पडले. तो म्हणाला, “ताई, अकाउंट बिझनेसचं आहे ना, म्हणून ते तुमच्या बाजूने डिलीट होत नाही. आधी त्याला जोडलेलं जाहिरातीचं कार्ड काढावं लागतं. तसंच सोडलंत तर पुढे जीएसटीची नोटीस येते.” नोटीस म्हटल्यावर पोटात गोळा आला. आज सांगते, इन्स्टाग्रामचं अकाउंट बंद करण्याचा आणि जीएसटीचा काडीचाही संबंध नाही. पण घरगुती धंदा करणाऱ्या बाईला कशाने भीती वाटेल हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

मग त्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं. ते प्ले स्टोअरवर होतं, म्हणून शंका आली नाही. त्यातला आकडा त्याला सांगितला आणि माझ्या फोनचा पडदा त्याला दिसू लागला. असली अ‍ॅप बेकायदा नसतात, ऑफिसांत कॉम्प्युटर दुरुस्त करायला रोज वापरतात. पण तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी त्या क्षणी समोरचाही वाचत असतो. “मी ओटीपी कुणाला सांगत नाही” या माझ्या नियमाला मग अर्थ उरला नाही. मी सांगितलाच नव्हता, त्याने तो वाचला.

त्याने पाठवलेल्या लिंकवर एक फॉर्म होता, वर ओळखीचं बोधचिन्ह. नाव, डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. “जे कार्ड काढायचं तेच भरा.” भरलं. मिनिटभरात २४,९९९ रुपये वजा झाल्याचा मेसेज आला. मी ओरडलेच. तो शांतपणे म्हणाला, “घाबरू नका ताई, ही होल्ड रक्कम आहे. डिलीट झालं की परत येते. ती परत यायलाच आता दुसरा कोड येईल.” दुसरा कोड आला आणि १९,९९८ गेले. मधल्या वेळात इन्स्टाग्रामचा सहा आकडी कोडही येऊन गेला. तो कशासाठी होता हे मला नंतर कळलं.

फोन ठेवताना तो म्हणाला, “आता ४८ तास अ‍ॅप उघडू नका. उघडलंत तर डिलीटची विनंती रद्द होते आणि पैसे अडकतात.”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण त्यात थोडं खरं आहे. डिलीटची विनंती केल्यावर ३० दिवसांच्या आत लॉगिन करून विचार बदलता येतो, हे मी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे त्याचं म्हणणं मला पटलं. त्याला फक्त मला दोन दिवस गप्प बसवायचं होतं. अशा प्रकारात पहिले काही तास हातात असतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाऊन एटीएममधून निघेपर्यंतच ते गोठवता येतात. ते तास मी फोन उलटा ठेवून घालवले.

शुक्रवारी संध्याकाळी चिपळूणहून फोन आला. त्या बाईंकडे माझा नंबर जुन्या पार्सलवरचा होता. “ताई, बाळासाठी दुपट्याचे २,४०० क्यूआरवर पाठवले, पण तुमचं उत्तर नाही.” कसला क्यूआर? भाच्याच्या फोनवर बघितलं तर आमचं अकाउंट तसंच चालू, आमच्याच गोधड्यांचे फोटो, आणि वर लिहिलेलं: आई आजारी असल्याने शेवटच्या दहा गोधड्या निम्म्या किमतीत, अ‍ॅडव्हान्स आजच पाठवा. आईच्या दुखण्याबद्दल मीच त्या माणसाला फोनवर सांगितलं होतं, अकाउंट का बंद करताय असं त्याने विचारल्यावर. इन्स्टाग्रामचा तो सहा आकडी कोड आमच्या अकाउंटमध्ये शिरायला होता. तो मजकूर वाचताना हात थरथरत होते.

१९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. तो लावला. व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, व्यवहार क्रमांक विचारतात, तेव्हा बँकेचे मेसेज समोर घेऊन बसा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण केली, आणि तिचा क्रमांक घेऊन बँकेत आणि पोलिसांत गेले. दुसऱ्याचं रूप घेऊन कॉम्प्युटरच्या साधनाने फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझे ११,२०० रुपये एका खात्यात गोठवलेले सापडले. बाकीचे निघून गेले होते.

बँकेत आणखी एक गोष्ट कळली. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी किती हे लिहिलेलं होतं. कार्डाची माहिती आपणच दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. म्हणजे बँकेला बुधवारीच सांगायला हवं होतं, सगळ्यात आधी. कार्ड ब्लॉक करायला दोन मिनिटं लागतात.

अकाउंट परत मिळालं ते भाच्यामुळे. ते त्याच्याच जुन्या ईमेलवर उघडलेलं होतं. ईमेल बदलला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर तसं कळवतं, आणि हे तुम्ही केलं नसेल तर पूर्ववत करायची सोय त्याच मेलमध्ये असते. तो मेल बुधवारपासून न उघडता पडून होता. तो नसता तर अवघड होतं. अकाउंट परत मिळवताना सेल्फी व्हिडिओने ओळख पटवायची एक वाट असते, पण त्यासाठी अकाउंटवर तुमचे फोटो असावे लागतात. आमच्यावर फक्त वाकळांचे फोटो होते. म्हणून धंद्याचं अकाउंट ज्या ईमेलवर आहे तो तुमच्या रोजच्या वापरातला आहे ना, हे आजच बघा.

आत गेल्यावर मी लगेच डिलीट करणार होते. सायबर ठाण्यातल्या मॅडमनी थांबवलं. आधी चोराच्या पोस्ट, त्याने केलेले मेसेज, तो क्यूआर, त्याखालचा यूपीआय आयडी, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, डिलीट झाल्यावर पुरावा कुठून आणणार? ते बरोबर होतं. मग अनोळखी फोनचं लॉगिन काढलं, पासवर्ड बदलला, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारं कुलूप, सुरू केलं. याशिवाय डिलीट करून उपयोग नसतो. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो ३० दिवसांत आत येऊन विनंती रद्द करू शकतो. पंधरा दिवस अकाउंटवर एकच पोस्ट ठेवली, की काम बंद आहे, कुणालाही पैसे पाठवू नका. तिघींचे पैसे मी माझ्याकडून परत केले.

आणि मग ते काम केलं, ज्यासाठी मी फोन लावला होता. सेटिंग्ज उघडा. सगळ्यात वर अकाउंट्स सेंटर. त्यात पर्सनल डिटेल्स, त्यात अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल, त्यात डिअ‍ॅक्टिव्हेशन ऑर डिलीशन. अकाउंट निवडा, डिलीट निवडा, कारण सांगा, पासवर्ड द्या. डिअ‍ॅक्टिव्हेट म्हणजे नुसतं झाकून ठेवणं, ते निवडू नका. चार मिनिटं लागली. ३० दिवसांनी अकाउंट जातं, आणि सर्व्हरवरून सगळी माहिती पुसली जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. फोटो हवे असतील तर आधी उतरवून घ्या. आईच्या हातच्या दोनशेच्या वर वाकळांचे फोटो मी असे वाचवले.

इन्स्टाग्राम गेलं म्हणजे सगळं गेलं असं नाही, हेही मला तेव्हाच कळलं. फेसबुकचं पेज वेगळं असतं, ते वेगळं काढावं लागतं आणि पूर्ण ताबा असलेल्यालाच काढता येतं. पेज कुणा ओळखीच्या मुलाने किंवा जाहिरातवाल्याने काढून दिलं असेल तर तो ताबा कुणाकडे आहे ते आधी विचारा, संबंध चांगले आहेत तोवर. जाहिराती दिल्या असतील तर थकलेलं बिल भरून कार्ड काढा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस तर फोनमधून नुसतं काढून टाकल्याने बंद होतच नाही, त्याच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली डिलीट आहे, तिथूनच करावं लागतं. यातल्या एकाही कामाला पैसे पडत नाहीत आणि दुसऱ्या माणसाची गरज पडत नाही. अ‍ॅपचं इंग्रजी अडत असेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलामुलीला शेजारी बसवा.

चिपळूणच्या बाईंना पैसे परत केले तेव्हा त्या म्हणाल्या, पैसे राहू देत, दुपटं झालं तर बघा. त्यांच्या आईची एक फिकी हिरवी साडी आमच्याकडे आधीच्या कामातली उरलेली होती. मावशीने ते दुपटं शिवलं. चार कोपऱ्यांच्या चार घड्या आईने आपल्या हाताने घातल्या.

त्या प्रश्नोत्तराच्या पानाबद्दल मी गुगलला कळवलं, नंबर पोलिसांना दिला. पैसे गेले नसतील आणि नुसता असा फोन किंवा मेसेज आला असेल, तर तो संचार साथी पोर्टलच्या ‘चक्षू’वर कळवता येतो. महिन्याभराने ते पान पुन्हा उघडलं. जुना नंबर गेला होता. त्याच उत्तरांखाली, त्याच शब्दांत, नवा नंबर होता.