सेकंडहँड पोलो १.० टीएसआय मॅन्युअल : आठवडाभर ऑफिस, रविवारी ऑटोक्रॉस

निकाल आधीच सांगतो. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड अशा ठिकाणी राहून, रोज वापरायच्या गाडीतच ऑटोक्रॉस सुरू करायचा असेल तर २०२० ते २०२२ मधली फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल ही आजही फार चांगली खरेदी आहे. अट एकच: तिच्या इंजिनावर पैसे घालायचे नाहीत. टायर, ब्रेक ऑइल आणि अलाइनमेंट एवढ्यावर पहिला हंगाम सहज निघतो. इंजिन रिमॅप करून (संगणकातून ताकद वाढवून) आलेले हौशी चालक नेमके पुढच्या चाकांच्या पकडीपाशी अडकतात, कारण या गाडीला ताकद कधी कमी पडत नाही, पकड कमी पडते.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या पटांगणावर किंवा मुरमाच्या मैदानावर कोन मांडून आखलेला वळणावळणाचा रस्ता, एका वेळी एक गाडी आणि हातात घड्याळ. बहुतेक सगळा खेळ दुसऱ्या गिअरमध्ये होतो. म्हणून इथे टॉप स्पीडचा आकडा कुणी विचारत नाही; १,७५० ते ४,००० आरपीएममध्ये मिळणारा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क विचारात घेतात. ११० पीएस या वजनाच्या गाडीला पुरेसे आहेत. कोपऱ्यातून निघताना आरपीएम दोन हजारांच्या खाली गेला तर टर्बो जागा व्हायला वेळ घेतो आणि तिथे वेळ वाया जातो, पण पहिला गिअर घालायचा मोह टाळा. दुसऱ्यातच राहून वळणाच्या आत थोडा जास्त वेग टिकवणं हेच शिकायचं असतं.

जुनी जीटी टीएसआय (१.२ लिटर, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी) स्वस्तात दिसली तरी या कामासाठी घेऊ नका. तिचा कोरडा दुहेरी क्लच थांबून-सुटण्याच्या कामात तापतो, आणि ऑटोक्रॉसमध्ये सुरुवातीच्या रेषेवर रांगेत पुढे सरकत राहणं हेच मोठं काम असतं. त्याहून नवी गाडी हवी असेल तर ह्युंदाई आय-२० एन लाइन पाहा: १२० पीएस, १७२ न्यूटन-मीटर, चारही चाकांना डिस्क. मात्र २०२३ नंतरची, खऱ्या क्लच पेडलची मॅन्युअलच घ्या. त्याआधीच्या आयएमटी गिअरबॉक्समध्ये गिअर हाताने टाकायचे, पण क्लच पेडलच नाही. पोलोला मागे ड्रम आहेत, तेवढ्यात आय-२० पुढे. स्टिअरिंगमधून रस्ता कळण्यात पोलो पुढे, असं आमचं मत.

विकत घेताना बॉडीच्या चकाकीपेक्षा खालची बाजू पाहा. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना असला तरी पोलो चाकणची, आणि मराठवाड्यात फिरलेल्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनने जे भोगलेलं असतं ते चाकणला बसून कळत नाही. लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे) फाटलेले आहेत का, गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या उभ्या खांबाच्या) वरच्या माउंटमधून टकटक येते का, पुढच्या टायरची आतली कड जास्त झिजली आहे का, हे तिन्ही तपासा. क्लचसाठी सोपी परीक्षा: चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी वेगावर असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि गाडी तशी पळाली नाही तर क्लच घसरतोय, भावातून त्याचे पैसे वजा करा. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिक घराभोवती गुलाबी-जांभळे वाळलेले डाग दिसले तर कूलंट गळतंय. आणि एक, ही गाडी ई-१० (दहा टक्के इथेनॉल) पेट्रोलच्या काळातली. आता पंपावर ई-२० (वीस टक्के) मिळतं. इंधनाचे रबरी पाइप कडक झालेत का, बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो का, हे पाहूनच व्यवहार करा.

आता खर्चाकडे. पहिला खर्च टायरचा. मोठ्या व्हेरिएंटला १९५/५५ आर१६ येतात आणि तोच आकार ठेवावा. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथल्या उन्हात पाच वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शिल्लक असूनही कडक झालेला असतो. तो घसरतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. टायरच्या कडेवरचा ट्रेडवेअरचा (झिजेचा) आकडा जेवढा कमी तेवढी पकड जास्त आणि आयुष्य कमी, पण रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याने २०० च्या आसपासच्या टायरमागे लागू नये. ३०० च्या घरातला चांगला रोडचा टायर सुरुवातीला जास्त शिकवतो, कारण तो घसरण्याआधी आवाज करून सांगतो.

मुरमावरच्या कार्यक्रमांसाठी वेगळा १५ इंची संच करणं हा शहाणपणाचा मार्ग, कारण उंच कडा दगडाचा मार झेलतात. १९५/६० आर१५ घेतला तर बाहेरचा व्यास मूळ टायरच्या जवळ राहतो आणि स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. इथे दुकानदार नेहमी एक चूक करतात. पोलोला नट नसून बोल्ट आहेत, एम१४ × १.५, आणि कंपनीच्या बोल्टची बैठक गोल असते. बाजारातल्या बहुतेक अलॉयना निमुळती बैठक लागते. गोल बोल्ट निमुळत्या भोकात घातला की तो टेकतो एका बारीक कडेवर, घट्ट वाटतो आणि दोन-चार फेऱ्यांत सैल होतो. अलॉयबरोबर त्याच बैठकीचे बोल्ट मागा. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५×१०० आणि मधलं भोक ५७.१ मिमी, भोक मोठं असेल तर फट भरणारी हब रिंग हवीच, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला आवळायचे. पंक्चरवाल्याच्या एअर गनवर हे सोडू नका.

दुसरा खर्च ब्रेक ऑइलचा, आणि तो इतका कमी आहे की टाळायला कारणच नाही. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओल शोषल्यावर किमान १५५ असा मानकात धरलेला असतो. दोन्हींमधला फरक म्हणजे तिसऱ्या फेरीला पेडल स्पंजासारखं होणं. दर दोन वर्षांनी बदलतात तिथे ऑटोक्रॉसवाल्याने दरवर्षी बदलावं. पॅड कंपनीचेच ठेवा. रेसचे पॅड थंड असताना धरत नाहीत आणि सकाळी जालना रोडच्या सिग्नलला ते नको असतं.

अलाइनमेंटमध्ये फार वाव नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) मुद्दाम बदलण्याची सोय कंपनीने दिलेली नाही. मागे टॉर्शन बीम, तिथे काहीच हलत नाही. पुढचा टो (वरून पाहताना चाकांची आत-बाहेर दिशा) शून्यावर आणा एवढंच. थोडा टो-आउट दिला, म्हणजे चाकं पुढून किंचित बाहेर वळवली, तर गाडी वळणात चटकन तोंड घालते खरी, पण धुळे-सोलापूर महामार्गावर महिनाभर चालवली की टायरची आतली कड साफ होते.

लोअरिंग स्प्रिंग बसवू नका. गाडी खाली बसवली की खालचा आर्म आडवा राहण्याऐवजी वर कलतो, वळणात झुकणं उलट वाढतं आणि सस्पेन्शन बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडसरावर) आदळायला लागतं. गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर पोट घासतं ते वेगळंच. त्या पैशांत चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि पुढची टॉप माउंट नवी येतात, आणि गाडी खरोखर बदलते. दुसऱ्या हंगामात मागचा जाड अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं रोखणारी दांडी) चालेल, पुढे नांगर धरल्यासारखी सरळ जाण्याची सवय त्याने कमी होते, पण आधी आपल्या स्पर्धा-वर्गाचे नियम वाचा. एका भागामुळे वरच्या वर्गात गेलात तर समोर तयार गाड्या असतील. उघडा शंकूसारखा एअर फिल्टर तर मराठवाड्यात बिनकामाचाच. तो बोनेटखालची गरम हवा ओढतो आणि धूळ आत सोडतो. साधा कागदी फिल्टर, आणि मुरमावरून आल्यावर तो उघडून पाहणं, बस्स.

उष्णतेचं वेगळं सांगायला हवं. या इंजिनात टर्बोकडून येणारी गरम हवा इंटरकूलर थंड करतो. पण एप्रिल-मेमध्ये बाहेर ४१-४२ अंश असताना लागोपाठ फेऱ्या मारल्या की तोच तापतो, गाडीचा संगणक इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो) आणि गाडी जड वाटते. फेरी संपल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवा, मग बंद करून बोनेट उघडा. सावली मिळाली तर उत्तम. इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या फोक्सवॅगन मानकाचंच आणि पातळी वरच्या खुणेजवळ, कारण लांब वळणात ते एका बाजूला चढतं. खरा हंगाम इथे डिसेंबर ते फेब्रुवारी.

टायरमधली हवा हे फुकटचं ट्यूनिंग आहे आणि नवखे नेमकं तेच सोडून देतात. डांबरावर सुरुवात गाडीवरच्या कंपनीच्या स्टिकरवर लिहिलेल्या थंड टायरच्या आकड्यापेक्षा पुढे ४ ते ६ पीएसआय जास्त ठेवून करा. टायरच्या खांद्यावर खडूने तीन-चार ठिकाणी आडवी रेघ ओढा. फेरीनंतर खडू कडेवर त्रिकोणी खुणेच्या खालपर्यंत पुसला गेला तर टायर दुमडतोय, हवा वाढवा. खांद्यावर जसाच्या तसा राहिला तर दोन पीएसआय काढा. मागे थोडी जास्त हवा ठेवली की शेपूट मोकळी होते आणि गाडी वळते. मुरमावर हे सगळं विसरून स्टिकरच्या आकड्याजवळ या. मोजमाप कायम आपल्याच गेजने. पंपावरच्या दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेपनी, जॅक, मॅट, बाटल्या सगळं बाहेर. घरून निघताना स्टेपनी गाडीतच हवी, ती तिथे पोहोचून काढायची. बॅटरी हलत नाही ना, धन टोकावर झाकण आहे ना, हे तपासणीत पाहतात. टो हुक (गाडी ओढायचा हुक) आधीच बसवा आणि लक्षात ठेवा, त्याचा आटा उलटा आहे. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला तरच बसतो. हेल्मेट घालून डोकं छताला लागत नाही ना ते घरीच बघा. साध्या पट्ट्यातही शरीर घट्ट बसतं: सीट मागे सरकवा, पट्टा लावून झटका देऊन लॉक करा, मग लॉक न सोडता सीट पुढे आणा. मार्ग पायी किमान तीनदा चाला. आडवा पडलेला कोन दिशा दाखवतो, उभा कोन पाडला तर सेकंदांचा दंड बसतो. ब्रेक सरळ रेषेत संपवा. डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) उघडं, म्हणजे लॉक नसलेलं, असल्याने वळणात लवकर गॅस दिला की आतलं पुढचं चाक जागीच फिरतं; स्टिअरिंग सरळ होईल तसा पाय दाबा.

कागदपत्रांचं वाईट वाटेल पण ऐका. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या मान्यतेच्या स्पर्धेला त्यांचा स्पर्धक परवाना लागतो. नेहमीच्या मोटार विम्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणजे मैदानावर झालेलं नुकसान स्वतःच्या खिशातून. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वेगाची चाचणी घेणं गुन्हा आहे, त्यामुळे शेंद्रा-वाळूजचे रविवारचे रिकामे एमआयडीसी रस्ते किंवा समृद्धी महामार्ग हे सरावाचं ठिकाण नव्हे. सरावाला खासगी जागा आणि मालकाची लेखी परवानगी. आरसीवरचा तपशील बदलेल असा बदल कलम ५२ मुळे अडतो; त्या दृष्टीनेही स्टॉक गाडीच बरी.

परतीला निघण्यापूर्वी हवा स्टिकरवरच्या आकड्यावर आणा, बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा. मुरमावरून निघाल्यावर पुढच्या चाकातून कर्कश खरखर आली तर बहुतेक वेळा डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकलेला असतो. गाडी दोन-चार फूट मागे घ्या, तो पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा स्क्रूड्रायव्हरने हलकेच बाहेर वाकवा.