नागपूरच्या उन्हात मोटरहोम: तिन्ही ऋतूंतल्या वापरानंतरचा अनुभव

गाडी डिझेल व्हॅनच्या चेसिसवर बांधून घेतलेली, चौघांना झोपता येईल अशी. आत १२.८ व्होल्ट, १०० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या पॅरलल, छतावर २०० वॉटची दोन सोलर पॅनेल, ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडी चालताना अल्टरनेटरवरून या बॅटऱ्या भरणारा), २००० वॉटचा प्युअर साइन इन्व्हर्टर, १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रीज, १०० लिटरची पाण्याची टाकी आणि एक टनाचा इन्व्हर्टर एसी. फिरणं बहुतेक विदर्भातलंच: रामटेक-खिंडसी, पेंच, ताडोबा, चिखलदरा, आणि समृद्धी महामार्गावरून शिर्डी.

या काळात जे जे बंद पडलं त्यात मूळ यंत्र बिघडल्याचं क्वचितच निघालं. दोष सापडला तो वायरीत, जोडात किंवा उष्णतेत. म्हणून हा अनुभव वस्तूंपेक्षा त्यांच्या जोडणीबद्दल जास्त आहे, आणि आमचं ठाम मत असं की मल्टिमीटर लावून मोजल्याशिवाय मोटरहोममधली एकही वस्तू बदलू नये.

फ्रीज

मे महिन्यात सर्वांत आधी कुरकुरतो तो फ्रीज. दिवसभर नीट चालतो आणि पहाटे बंद सापडतो, किंवा कॉम्प्रेसर दर दोन मिनिटांनी सुरू व्हायला जातो आणि थांबतो. मिस्त्री पाहतो आणि म्हणतो, गॅस गेला. पण गॅस गेलेला फ्रीज थांबत नाही. कॉम्प्रेसर अखंड चालत राहतो आणि गारवा येत नाही. सुरू होऊन लगेच थांबणं हे जवळजवळ नेहमी व्होल्टेज कमी पडल्याचं लक्षण.

गणित असं. बॉडी बांधणारे फ्रीजला सर्रास २.५ स्क्वेअर एमएमची वायर देतात. बॅटरीपासून फ्रीज ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं, म्हणजे सुमारे ०.०८ ओहम. चालू फ्रीज ५ अँपिअर घेतो तेव्हा ०.४ व्होल्ट वाटेत जातात. सुरू होतानाच्या क्षणी तो १० घेतो तेव्हा ०.८. त्यात पक्कडीने दाबलेला एखादा कच्चा लग (वायरीच्या टोकाचं धातूचं टर्मिनल) आणखी दीड व्होल्ट खातो. पहाटे बॅटरी १२.७ वर असते, त्यातून हे वजा केलं की फ्रीजपाशी १०.४ उरतात, आणि सिकॉप कंपनीच्या बीडी मालिकेतल्या कॉम्प्रेसरचा नेहमीचा कटऑफ, म्हणजे ज्याखाली तो स्वतःच बंद होतो तो व्होल्टेज, नेमका १०.४ आहे. कॉम्प्रेसर थांबला की लोड जातो, व्होल्टेज ११.७ च्या वर चढतं आणि तो पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून ते चक्र.

शोधायची रीत: फ्रीज चालू असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरा फ्रीजच्या प्लस टर्मिनलवर. जो आकडा येईल तो प्लस वायरीत वाया जाणारा व्होल्टेज. तसंच मायनस ते मायनस. मग एकेक जोड तपासत पुढे सरका: फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, लगच्या अलीकडे-पलीकडे, अर्थ बोल्टच्या अलीकडे-पलीकडे. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्टच दिसतात; ०.१ च्या वर दिसलं तर तो जोड उघडा. चेसिसला अर्थ केलेल्या बोल्टखाली रंग खरवडलेला नसणं हा नेहमीचा गुन्हेगार. पत्रा घासून उघडा करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. फ्रीजला थेट ६ स्क्वेअर एमएमची वायर ओढली की तोटा निम्म्याहून खाली येतो.

बीडी कॉम्प्रेसरच्या कंट्रोल युनिटवर प्लस आणि डी या टर्मिनलांमध्ये छोटा एलईडी जोडता येतो. एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी. दोनदा, पंख्याचा करंट जास्त. तीनदा, कॉम्प्रेसर सुरू होत नाही. चारदा, वेग फार खाली. पाचदा, कंट्रोल युनिट तापलं. मे अखेरच्या नवतप्यात पाचवाला हमखास येतो. फ्रीजच्या मागे हवा खालून आत यायला आणि वरून बाहेर जायला वेगवेगळ्या जाळ्या हव्यात. वरच्या जाळीला १२ सेंटिमीटरचा कॉम्प्युटर पंखा लावला की प्रश्न सुटतो. फ्रीजवर एच, एम, एल (हाय, मीडियम, लो) असं बॅटरी प्रोटेक्शन असेल तर ते एलवर ठेवा. एच हे गाडीच्या स्टार्टर बॅटरीला वाचवण्यासाठी असतं.

लिथियम बॅटरी

अचानक सगळे दिवे गेले आणि खांबांवर मीटर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरी मेली असं समजू नका. आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने, जोडणी तोडलेली असते. कारण एक तर एखादा सेल २.५ व्होल्टपाशी आला, नाहीतर तापमान हद्दीबाहेर गेलं. या प्रकारच्या सेलचं चार्जिंग साधारण ४५ अंशांच्या आत व्हावं असं धरलं जातं. नागपुरात मे महिन्यात सावलीतलंच तापमान तिथे पोचतं, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून पुष्कळ वर जातं. बॅटरी इंजिनजवळच्या सीटखाली किंवा बाहेरच्या पेटीत असेल तर ती आत, जमिनीलगत, हवा खेळेल अशा जागी हलवावी. हा एक बदल बाकी सगळ्या बदलांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

अशी बीएमएसने तोडलेली बॅटरी उठवायला आधी सगळा लोड काढा. मग लिथियम मोड असलेला २३० व्होल्टचा चार्जर लावा. सोलर कंट्रोलर कित्येकदा कामाला येत नाही, कारण समोर बॅटरीचं व्होल्टेज दिसल्याशिवाय तो सुरूच होत नाही. त्याच कारणाने जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

व्होल्टेज पाहून चार्ज किती उरला ते सांगता येत नाही. मधल्या मोठ्या टप्प्यात ही बॅटरी १३ ते १३.३ मध्येच बसून राहते. शंटवाला (मायनस वायरीत बसवलेल्या रोधातून करंट मोजणारा) बॅटरी मॉनिटर लागतोच. त्यातही एक चूक फार दिसते: इन्व्हर्टरची मायनस केबल शंट वगळून थेट बॅटरीवर. मग मॉनिटर ८० टक्के सांगतो आणि गाडी अंधारात जाते. बॅटरीच्या मायनस खांबावर शंटखेरीज दुसरी एकही वायर नको.

चार्जिंग, सोलर आणि इन्व्हर्टर

गाडी चालवूनही बॅटरी भरत नसेल तर आधी डीसी-डीसी चार्जरची इग्निशनची बारीक वायर पाहा. नव्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटर मधूनमधून व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, त्यामुळे चार्जरला इंजिन चालू असल्याची खूण या वायरीतूनच मिळायला हवी. ती फ्यूजबॉक्समध्ये नुसती खोचलेली असते आणि खड्ड्यांत निघते. ३० अँपिअर आउटपुटसाठी चार्जर अल्टरनेटरकडून ३५ ते ४० अँपिअर घेतो. इनपुटला १६ स्क्वेअर एमएमची वायर आणि दोन्ही टोकांना ६० अँपिअरचा फ्यूज द्या. साधी रिले घालून लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडण्याचा सल्ला गॅरेजात मिळतो, तो मानू नका. रिकामी लिथियम जेवढं मिळेल तेवढं ओढते आणि मंद वेगात अल्टरनेटर जळतो.

सोलरबाबत अपेक्षा माफक ठेवा. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, पण पॅनेल ७० अंशांपर्यंत तापतं आणि २५ अंशांवरच्या छापील आकड्यातून १५ टक्क्यांहून जास्त तिथेच वजा होतात. डिसेंबरात पॅनेल गार राहतं, पण भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच, त्यामुळे आडव्या पॅनेलला सुमारे ७० टक्केच ऊन लागतं. ४०० वॉटकडून ३०० मिळाले तर सगळं ठीक आहे. पॅनेल छताला चिकटवू नका, खाली ४-५ सेंटिमीटर जागा सोडा. उत्पादन एकदम निम्म्यावर आलं तर सोलर वायरींचा एमसी४ कनेक्टर हाताला गरम लागतोय का ते पाहा.

इन्व्हर्टर इंडक्शन शेगडी लावताच टीटी करून बंद पडतो, ती केबलची गोष्ट. २००० वॉटला बॅटरीकडून सुमारे १७५ अँपिअर लागतात. बॅटरी ते इन्व्हर्टर २ मीटर अंतर आणि १६ स्क्वेअर एमएमची केबल असेल तर पाऊण व्होल्ट आणि १३० वॉट नुसते केबल तापवण्यात जातात. ७० स्क्वेअर एमएम घाला, हायड्रॉलिक क्रिम्पिंगने लग बसवा आणि २५० अँपिअरचा टी क्लास (शॉर्ट सर्किटचा मोठा करंटही तोडणारा) फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात लावा. इथे स्वस्त फ्यूज आगीला आमंत्रण आहे.

एसी की कूलर

एक टनाचा एसी पूर्ण जोरात सुमारे १ किलोवॉट घेतो. या बॅटऱ्यांवर जेमतेम दोन तास. रात्रभर एसी हवा असेल तर बाहेरची वीज लागते. इंजिन चालू ठेवून केबिनचा एसी लावणं बीएस६ डिझेलला घातक, कारण डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरतो. त्याऐवजी १२ व्होल्टचा छोटा कूलर आणि छतावरची खिडकी उघडी. एप्रिल-मेमधल्या इथल्या कोरड्या हवेत तो ५०-६० वॉटमध्ये झोप लागेल इतका गारवा देतो. जुलैत मात्र निरुपयोगी.

बाहेरची वीज

ढाब्याच्या किंवा रिसॉर्टच्या सॉकेटवर गाडी लावण्याआधी तीन मोजमापं. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. शेवटचा आकडा वीस-तीस असेल किंवा फेज-अर्थ अर्धवट दिसत असेल तर अर्थिंग नाही असं धरा आणि जोडू नका; गाडीचा पत्रा धरताना झिणझिण्या येतात त्या यामुळेच. केबल २.५ स्क्वेअर एमएमची थ्री कोअर, आणि रीळ पूर्ण उलगडलेलं. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. इन्व्हर्टरवर असताना तो खरंच पडतो का, हे इलेक्ट्रिशियनकडून वेगळं तपासून घ्या. न्यूट्रल चेसिसला बांधलेला नसेल तर तो पडत नाही.

पाणी

नळ बंद असताना पंप मधूनच टक्क करून चालतो: कुठेतरी गळती, नाहीतर पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा. पंप अखंड चालतो आणि पाणी येत नाही: टाकी रिकामी किंवा सक्शनच्या बाजूला हवा शिरते आहे. बहुधा गाळणीच्या झाकणाची रबरी रिंग. बोअरचं जड पाणी भरलं तर नळाच्या जाळ्यांत क्षार बसतो. लिटरला २० ग्रॅम सायट्रिक ॲसिडचं पाणी अर्धा तास फिरवून नंतर दोन टाक्या साधं पाणी काढा.

चाकं, ब्रेक, छत

गाडी पूर्ण भरून, पाण्याची टाकी धरून, वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला. हवेचा आकडा त्या वजनावर ठरतो, अंदाजावर नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. ६० पीएसआयची हवा टायर ३० अंशांनी तापल्यावर ६७-६८ दाखवते, ते स्वाभाविक आहे. समृद्धीच्या काँक्रीटवर थांबून ती सोडू नका. कमी हवेचा टायर बाजूने जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. मोटरहोम उभी जास्त असते, त्यामुळे नक्षी शाबूत असूनही रबर म्हातारं होतं.

चिखलदऱ्याहून उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याहून वरचा टाकू नका. पेडल मऊ पडलं तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. थांबा, तासभर निवू द्या, तापलेल्या ड्रमवर पाणी टाकू नका. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदलाच.

छताची गळती मृगाआधी शोधा. जिथे पाणी टपकतं तिथून ते शिरलेलं नसतं. व्हेंट, पॅनेलचे स्टँड आणि केबल ग्लँड हे वरचे जोड आधी पाहा. सिलिकॉन उन्हात सुटतं आणि एकदा लावलं की त्यावर दुसरं काही धरत नाही. ते खरवडून काढा, खाली ब्यूटाइल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट.

गाडी बांधून घेत असाल तर

शेवटचा हप्ता देण्याआधी बॉडी बांधणाऱ्याच्या आवारातच मीटर आणि क्लॅम्प मीटर घेऊन बसा. फ्रीज, पंप, दिवे आणि इन्व्हर्टरवर इंडक्शन एकाच वेळी चालवा आणि वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक जोडावरचा व्होल्टेज लिहून घ्या. सगळं बंद करून स्टार्टर बॅटरीतून जाणारा करंट मोजा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर गाडी महिनाभर उभी राहिल्यावर सेल्फ मारणार नाही. वायरिंगचा नकाशा आणि प्रत्येक फ्यूजचा आकडा कागदावर मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर पॅनेल उघडून, एकेक वायरला स्वतः नावाची पट्टी लावून मगच ताबा घ्या.