कड्यावर २.२, पट्टीवर १.४

माझ्या कॅमकॉर्डरचा ऑप्टिकल झूम २० पट आहे आणि पूर्ण झूमवर तो ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने ६०० मिमीच्या लेन्सइतके जवळचे दाखवतो. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण शेपटीसकट १६ सेंटिमीटर भरणारा लहान खंड्या २० मीटरवरच्या फांदीवर येऊन बसला, की चौकटीच्या रुंदीचा जेमतेम आठवा हिस्सा तो व्यापतो आणि बाकीच्या जागेत पाणी आणि लव्हाळी दिसत राहतात. अशा कॅमकॉर्डरची लेन्स काढून दुसरी बसवण्याची सोय सहसा नसते. म्हणून तिच्या तोंडावरच्या आट्यांत फिरवून बसवायचा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे चित्र आणखी मोठे दाखवणारे जोडभिंग, घ्यावा असे मी ठरवले आणि तेथेच फसलो. हा प्रकार सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की विक्रेत्याने मला गंडवले ते एक अगदी खरी गोष्ट सांगून.

त्याने पुढे केलेल्या नगाच्या कड्यावर ‘२.२ एक्स’, ‘एचडी’ आणि ‘प्रोफेशनल’ अशी तीन बिरुदे पांढऱ्या अक्षरांत छापलेली होती. माझाच कॅमकॉर्डर त्याने ट्रायपॉडवर चढवला, ‘जरा सेटिंग ठीक करतो’ म्हणून मेनू उघडून काही बटणे दाबली, समोरच्या गच्चीच्या कठड्यावरचे कबुतर झूम करून मला दाखवले आणि मग कन्व्हर्टर बसवला. बसवताक्षणी झूम मागे घेताच पडद्याचे चारही कोपरे काळे झाले. मी काही विचारण्याआधीच त्याने खुलासा केला, की अशा जोडभिंगांचे हे असेच असते आणि झूम बराच आत नेल्याशिवाय कोपरे स्वच्छ होत नाहीत. यात खोटे काहीच नाही. चांगल्यातला चांगला कन्व्हर्टरही वाइड बाजूला, म्हणजे झूम मागे असताना, कोपरे खातो आणि तो टेलीच्या टोकालाच, म्हणजे झूम पूर्ण आत नेऊन, वापरायचा असतो. मात्र हे बोलत असताना त्याचा अंगठा झूमच्या कळीवर होता आणि कोपरे उजळल्यानंतरही तो तेथून उचलला गेला नाही. कबुतराच्या मानेवरची हिरवी-जांभळी झाक पडदाभर पसरली, आणि माझ्या मनात सौदा तेव्हाच पक्का झाला.

झूम करताना पडद्याच्या कडेला एक पट्टी उमटते हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते, पण तिच्याकडे निरखून पाहणारे थोडे. डिजिटल झूम चालू असेल तर त्या पट्टीच्या मध्ये एक उभी रेघ दिसते. रेघेच्या अलीकडे भिंगाचा खरा झूम असतो आणि पलीकडे चित्राचा मधला तुकडा कापून ताणलेला असतो. माझ्या कॅमेऱ्यात हा डिजिटल झूम मी कायम बंद ठेवत असे. विक्रेत्याने ‘सेटिंग’ म्हणून तोच चालू केला होता. कन्व्हर्टरशिवाय दाखवताना त्याने झूम रेघेपाशी थांबवला आणि कन्व्हर्टर लावल्यावर रेघ ओलांडून पुढे नेला. १९२० बाय १०८० बिंदूंच्या चित्रात दुप्पट डिजिटल झूम केला तर खरे बिंदू ९६० बाय ५४०, म्हणजे चौथा हिस्साच उरतात. पण हा ऱ्हास तळहातापेक्षा लहान पडद्यावर कळत नाही. तेथे फक्त आकार कळतो, आणि आकार तर वाढलेलाच होता.

घरी चित्रण मोठ्या पडद्यावर लावले तेव्हा कबुतराची पिसे पाण्यात भिजलेल्या कागदासारखी दिसली. मेनू तपासल्यावर डिजिटल झूम चालू असल्याचे आढळले. तो बंद करून मी तळ्यावर गेलो. तेथे उथळ पाण्यात एक बगळा स्थिर उभा होता. चित्रणासाठी याहून सोपा पक्षी मिळणे कठीण. पण त्याच्या पांढऱ्या मानेच्या एका कडेला जांभळी आणि दुसऱ्या कडेला हिरवट रेघ चिकटली होती, आणि त्याने मान हलवली की रेघाही सोबत सरकत. वेगवेगळ्या रंगांचे किरण काचेतून वेगवेगळ्या प्रमाणात वळतात, म्हणून चांगल्या कन्व्हर्टरमध्ये दोन निरनिराळ्या जातींच्या काचा जोडून हा फरक बव्हंशी मिटवलेला असतो. माझ्या नगात तशी जोडणी असावी असे त्या मानेकडे पाहून तरी वाटले नाही. ‘एचडी’ हे चित्राचे माप आहे. ते भिंगाच्या कड्यावर छापले म्हणून भिंगाला काही गुण लागत नाही.

रंगाच्या किनारी एक वेळ सोसल्या असत्या, पण पक्षीच पुरेसा मोठा दिसेना. तेव्हा मी जे खरेदीच्या वेळी करायला हवे होते ते केले. भिंतीवर मोजपट्टी आडवी चिकटवली, ८ मीटरवर ट्रायपॉड रोवला, डिजिटल झूम बंद ठेवून पूर्ण टेलीवर गेलो आणि चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किती सेंटिमीटर दिसतात ते वाचले. कन्व्हर्टरशिवाय ४८ दिसत होते. कन्व्हर्टर खरोखर २.२ पटीचा असता तर २२च्या आसपास दिसायला हवे होते, दिसले ३४. भागाकार केल्यावर वाढ निघाली १.४ पट. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्याला मोजपट्टीपलीकडे कोणतेही साधन लागत नाही.

मग काचही मोजली. कडे चांगले रुंद होते, पण त्याच्या आत काळ्या प्लास्टिकची छापील चकती आणि तिच्या मधोमध उघडी काच फक्त ३६ मिमीची. येथे थोडे गणित उपयोगी पडते. पूर्ण टेलीवर माझ्या कॅमकॉर्डरचे प्रत्यक्ष नाभीय अंतर ६० मिमी (वरचे ६०० हे ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने) आणि छिद्र एफ/३, म्हणजे नाभीय अंतराच्या एक तृतीयांश आहे; म्हणून प्रकाश आत घेणारे तोंड २० मिमीचे झाले. पुढे बसवलेला कन्व्हर्टर चित्र अंधारू न देता जितकी पट वाढ देतो, तितकी पट रुंद काच त्याला पुढच्या बाजूस लागते; २.२ पटीला किमान ४४ मिमी. कड्यावरचा आकडा आणि आतली काच यांचा मेळ बसत नाही हे दुकानातच फूटपट्टीने कळले असते. कॅमकॉर्डर बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच्या कन्व्हर्टरवर काय छापतात तेही पाहण्यासारखे आहे: कॅननचा ५८ मिमी आट्यांचा टीएल-एच५८ हा १.५ पटीचा, तर सोनीचा त्याच मापाचा व्हीसीएल-एचजी१७५८ हा १.७ पटीचा. यांच्यापेक्षा हलका, लहान आणि स्वस्त नग २.२ पट देतो म्हटल्यावर मला शंका यायला हवी होती.

परत करायला गेलो तेव्हा विक्रेत्याने आधी माझा हात थरथरत असल्याचे निदान केले. मी ट्रायपॉड वापरला होता. थरथरीचा मुद्दा मुळात चुकीचा नाही, कारण कॅमकॉर्डरमधली स्थिरीकरणाची यंत्रणा आपल्याच भिंगाच्या हिशेबाने दुरुस्ती करते आणि समोर दुप्पट वाढ देणारे भिंग आले की तिची दुरुस्ती निम्म्यावरच थांबते. पण त्याने पक्षी लहान कसा होईल याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. नंतर त्याने खोके उघडल्याचे कारण पुढे केले. शेवटी मी पावती दाखवली, तर तिच्यावर ‘लेन्स, १ नग’ एवढेच लिहिलेले. किती पट, कोणत्या मापाची, कोणाची बनावट, यातले एकही अक्षर नाही. त्यामुळे मी २.२ पटीची वस्तू मागितली होती हे सिद्ध करण्याचा मार्गच उरला नाही. पैसे गेले. पावतीचा तो कागद हाती घेताना मी वाचलाही नव्हता, हे येथे कबूल करतो.

पुढे वर्षभराने मी वापरलेला, १.७ पटीचा कन्व्हर्टर दुसऱ्या एकाकडून घेतला. मोजपट्टी सोबत नेली होती. माझे सोपस्कार पाहून तो गृहस्थ थोडा वैतागला, पण त्याने थांबून घेतले. खोलीत ट्यूबच्या प्रकाशात भिंग तिरपे धरले तेव्हा काचेत उमटलेली प्रतिबिंबे मंद हिरवी आणि जांभळी होती, म्हणजे काचेवर परावर्तन कमी करणारा लेप होता. पहिल्या नगात ती आरशासारखी पांढरी शुभ्र दिसत, कारण लेप न दिलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. पट्टीवर ४८ ऐवजी साडेअठ्ठावीस सेंटिमीटर दिसले, म्हणजे वाढ १.६८ पट झाली. पावतीवर ‘१.७ पट’ असे त्याच्याकडून लिहून घेतले. जुना नग मी कोणाला विकलेला नाही. त्याच्या कड्यावरचा आकडा खोडून तेथे १.४ लिहिले आहे. लहान खंड्या आता चौकटीच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित जास्त जागा घेतो. बाकी लव्हाळी आहेतच.